वाळवीच्या ताटातली खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही बसला. मी दीड हात लांब, मनगटाएवढी जाड. एवढ्याशा अंगात थापा मावतील तरी किती, याचा विचार करा आणि गुमान ऐका. तुम्हाला ही शेड दाखवणाऱ्या बाई बाहेर मातीचा नमुना आणायला गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत आपल्याला वेळ आहे.

जगात खुंट्या पुष्कळ. कुणी तंबू ताणून धरते, कुणी शेळी अडवून ठेवते, कुणी भिंतीत शिरून दुसऱ्यांचे सदरे सांभाळते. माझा जन्म मात्र खाल्लं जाण्यासाठी झाला. हसू नका. मला वाळवीच्या ताटात वाढायचं होतं. चुकून नव्हे, मुद्दाम. मोजून, मापून, डोक्यावर आकडा रंगवून. माझा आकडा सतरा.

मी ज्या झाडाची, ते झाड इतकं उंच होतं, की शेंड्यावरच्या पाखराच्या घरट्यातून अंडं निसटलं तर ते जमिनीला लागेपर्यंत आतलं पिल्लू बाहेर येऊन उडायलाही शिकलेलं असे. पहिल्या बाकावरची ती समोरचे दोन दात पडलेली मुलगी डोळे बारीक करून माझ्याकडे बघते आहे. बघू दे. झाड पडलं, ओंडका झाला, ओंडक्याची फळी झाली, आणि फळी आली सुतारबाबांच्या हातात. इथून पुढे सगळं खरं आहे. निदान बरंचसं.

सुतारबाबा म्हणजे वाळवीबाईंचे वडील. आणि वाळवीबाई म्हणजे तुमच्या ह्याच बाई. हे नाव मळ्यातल्या फळं तोडणाऱ्यांनी ठेवलेलं. मळा तेलमाडांचा. ज्याच्या फळांतून पामतेल काढतात ते झाड. एका रांगेत उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, एवढा मळा. त्या मळ्यात कुठल्या मातीत कोणती वाळवी राहते, ती काय खाते, कुणाच्या वाटेला जाते आणि कुणाच्या जात नाही, हे शोधणं बाईंचं काम. मळ्याच्या मागच्या चाळीत दोन खोल्या होत्या. एकीत बाईंच्या बाटल्या, भिंगं आणि वह्या. दुसरीत बाप-लेकीचा संसार. पुढच्या व्हरांड्यात बाबांची करवत, रंधा, पटाशी, आणि गुडघ्याएवढा भुसा.

आता गंमत अशी, की बाबांचं आणि वाळवीचं हाडवैर होतं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी बायकोसाठी आयुष्यातलं पहिलं कपाट केलं होतं. तीन महिने राबून. भिंतीला टेकवलं, हिरवा रंग दिला. दोन वर्षांनी बायकोनं दार उघडायला हात लावला, तर हात आरपार! आतलं लाकूड वाळवीनं केव्हाच फस्त केलं होतं. हिरव्या रंगाचा पापुद्रा तेवढा उभा होता. बायको हसली, पण बाबांना काही हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एक तेल तयार केलं. त्यात काय काय होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण ते लावलेल्या लाकडाला चाळीस वर्षांत वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. आणि अशा माणसाची एकुलती एक लेक वाळवीची शिरगणती करायला लागली!

"लोकांच्या मुली फार तर शत्रूच्या घरी नांदायला जातात," बाबा म्हणायचे, "माझी शत्रूची बाळं मोजते."

"मोजते, बाबा. अजून पाळणा हलवत नाही."

"तेवढंच राहिलंय!"

तर मळ्यात माती तीन तऱ्हेची. उताराला तांबडी चिकण माती. ओढ्याकडे रेताड. आणि खालच्या सखलात काळी, भुसभुशीत, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत नेणारी. शेकडो वर्षांचा पालापाचोळा आणि ओंडके कुजून झालेली. त्या काळ्या मातीत माड मरायला लागले होते. वरून हिरवेगार दिसायचे, आणि एक दिवस शेंडा कलायचा. फोडून बघितलं तर आतला गाभा गायब, वाळवीची मातीच माती.

मोठे साहेब, म्हणजे मळ्याचे कारभारी, वैतागले. त्यांनी बाईंना बोलावलं.

"टँकर मागवलाय औषधाचा. तिन्ही मातींत फवारणार. आणि तांबडीतली ती डोंगराएवढी वारुळं आहेत ना, ती ट्रॅक्टरनं सपाट."

"साहेब, मरतात ते सगळे काळीतले माड. तांबडीत एक तरी मेलाय का?"

"आज नाही मेला, उद्या मरेल."

"ती वाळवी वेगळी आहे, साहेब. ती जिवंत झाडाला शिवत नाही. पडलेला पाला नेते, खाली बाग करते. तिच्यामुळे ती चिकण माती मोकळी राहते, पाणी मुरतं. सुक्याबरोबर ओलंही जाळायचं का?"

"मला तर सगळ्या सारख्याच दिसतात. पांढऱ्या आणि वळवळणाऱ्या."

"मला वेळ द्या."

साहेब तसे वाईट नव्हते. घाईत होते एवढंच. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "टँकर यायला चार महिने आहेत. तोवर कुठल्या मातीत कोण राहतं ते दाखवा. तोंडानं नको, माझ्या हातात आणून दाखवा. नाहीतर टँकर आला त्या दिवशी मी काही ऐकणार नाही."

मित्रांनो, वाळवीला बाहेर बोलावणं सोपं नसतं. हाक मारून ती येत नाही. तिला जेवायला बोलवावं लागतं. म्हणून बाईंनी बाबांना सांगितलं, "मला साठ खुंट्या हव्यात. वीस-वीस तीन मातींत पुरायच्यात. महिन्याला उपसून बघणार, कुणी कुणी खाल्ल्या. साध्या फाडलेल्या चालतील, बाबा. वाळवीला खायला घालायच्यात."

बाबा मान हलवत हसले. त्यांना वाटलं, पोरीनं नेहमीची थट्टा केली.

आणि मग त्यांनी आम्हाला घडवलं. अहाहा! चारही बाजूंनी रंधा मारला. कडा अशा मोडल्या, की तान्ह्या बाळाच्या हातात दिलं तरी टोचू नये. डोकं गोल केलं, टोक असं काढलं की मी जमिनीत शिरले तेव्हा जमिनीला कळलंच नाही. बाई ऑफिसात असताना बाबांनी ती बाटली काढली आणि बोळ्यानं आम्हाला तेल दिलं. एक हात, मग उन्हात वाळवण. दुसरा हात, पुन्हा वाळवण. आणि तिसरा. संध्याकाळी बाईंनी मला उचलून फिरवून बघितलं.

"केवढ्या गुळगुळीत केल्यात, बाबा! जेवणाच्या टेबलाचे पाय वाटतायत."

"तुझं काम आहे म्हटल्यावर," बाबा म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले. कौतुक झालं की ते असंच करायचे.

मी तांबड्या मातीत गेले, एका मोठ्या वारुळापासून सात पावलांवर. मला पुरलं ते लांबूनं. लांबू म्हणजे फळं तोडणारा. लांब काठीला कोयता बांधून तो माडावरचे घड पाडायचा, आणि स्वतःही त्या काठीसारखाच होता. "जा बाई," तो मला म्हणाला, "सुखानं खाल्ली जा."

तिसऱ्या दिवशी पाहुण्या आल्या. वाळवीच्या मजुरांना डोळे नसतात बरं का. सगळं मिशांनी चाचपायचं. मी श्वास रोखून उभी. वाटलं, आता पहिला चावा. आपण कुणाच्या तरी पोटी जाणार. मातीत चार मिशा माझ्या अंगावरून फिरल्या.

"आई गं! हिच्या अंगाला कसला वास?"

"थोडं खाऊन तर बघ."

"तूच खा. मला घरी पोरं आहेत."

"पाहुणी दिसते. बोलावं तरी."

"बोल की. बोलायला कोण नको म्हणतंय?"

अशी आमची ओळख झाली. मला कुणी खाल्लं नाही, पण टाकलंही नाही. येता-जाता मला आत्या म्हणायला लागल्या. तांबड्या मातीत माझा इतका बोलबाला झाला, की पत्ता सांगायचा तर "आत्यापासून डावीकडे" असं सांगत. त्यांनीच मला वारुळातलं सगळं सांगितलं. पाल्याचे बारीक तुकडे करून आत नेतात, त्यांचा गादीसारखा थर लावतात आणि त्यावर बुरशीची बाग वाढवतात. तीच त्यांची भाजी. वर हवा खेळायला भुयारं. मधोमध राणी. राणी केवढी? हत्तीएवढी! बरं, हत्तीएवढी नाही. तुमच्या अंगठ्याएवढी. पण मजुरांच्या मानानं ती हत्तीणच की नाही? दिवसभर पडून असते आणि अंडी घालते. बिचारीला उठून खिडकीशी यायचीही सोय नाही. ओळीनं उभी राहून लेकरं तिला भरवतात, पुसतात, चाटतात. एवढं मायेचं घर मी माणसांतही क्वचितच बघितलं.

महिना झाला की लांबू आम्हा साठ जणींना उपसून पोत्यात भरायचा. शेडमध्ये टेबलावर आमची तपासणी व्हायची आणि पुन्हा ज्या त्या खड्ड्यात रवानगी. पोत्यात आमच्या गप्पा रंगायच्या. काळीतली चौथी खुंटी सांगायची, "आमच्याकडे जात एकच, पण काय ती! सैनिक चावले की डोक्यातून दुधासारखा चीक सोडतात. पूर्वी तिथं जंगल होतं म्हणे. गाडलेले ओंडके खाऊन सुखात होत्या. ओंडके संपले, मग करणार काय? माडाच्या गाभ्यात शिरल्या. भुकेनं माणूस काय आणि वाळवी काय, सारखीच." रेताडातली म्हणायची, "आमच्याकडे कोण येतंय? भुयार काढलं की ढासळतं. दोन-चार बारकी कुटुंबं आहेत, तीही घाबरट." पळसाला पानं तीनच म्हणतात, पण मातीमातीतली वाळवी काही एक नसते. हे बाईंना आतून ठाऊक होतं. दाखवता मात्र येत नव्हतं. कारण काळीत काय, रेताडात काय आणि तांबडीत काय, साठातल्या एकाही खुंटीला दात लागलेला नव्हता!

पहिल्या महिन्यात बाईंनी वहीत शून्य लिहिलं. दुसऱ्या महिन्यात आम्हाला आणखी वीतभर खोल पुरलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यात रोज झारीनं पाणी घातलं. पुन्हा शून्य. वहीवर पेन टेकवून बाई कितीतरी वेळ बसून राहायच्या. मोठे साहेब शेडमध्ये डोकावले.

"पलीकडे काळीत आज आणखी एक माड आडवा झाला. आणि तिथं तुमच्या खुंट्या कोऱ्या करकरीत! मग त्या माडाला काय उंदरांनी खाल्लं?"

बाईंनी वही मिटली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "चूक कुणाचीही होते. पण टँकर थांबणार नाही."

घरी बाबा रोज विचारायचे, "कशा आहेत गं माझ्या खुंट्या?"

"आहेत तशाच."

"अजिबात काही नाही?"

"अजिबात काही नाही, बाबा."

हे ऐकलं की बाबा खूश होऊन आणखी थोडा भात वाढून घ्यायचे. बाईंच्या ताटातलं अन्न तसंच राहायचं, आणि त्यांना वाटायचं, पोरगी कामानं दमते.

अठरा दिवस राहिले होते. बाई डबा विसरून गेल्या म्हणून बाबा तो घेऊन मळ्यात आले. धोतराला काटे, चष्म्याच्या दांडीला दोरी, कानावर पेन्सिल. बाई तांबड्या मातीत वारुळाजवळ होत्या, आणि लांबू पोतं धरून.

"कुठायत माझ्या लेकी? बघू तरी."

बाईंनी मला उपसून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी माती पुसली. अंगठा फिरवला, वरून खाली आणि खालून वर. आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! पहिल्या कपाटाच्या वेळीसुद्धा इतका फुलला नसेल.

"बघ! तीन महिने जमिनीत! कोर तरी गेली का? अरे लांबू, इकडे ये, हात लावून बघ. वाळवीच्या दारात उभी होती, दारात! हे काम म्हणजे काम!"

"बाबा..."

"तीन हात दिलेत तेलाचे. साहेबांच्या बंगल्याच्या दारांना दोनच दिले होते. म्हटलं, पोरीचं काम आहे, तीन द्यायचे."

लांबूच्या हातातलं पोतं खाली पडलं.

"कसलं तेल?" बाईंचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"आपलं नेहमीचं. वाळवी लागू नये म्हणून."

 लांबूला हसू फुटलं. त्यानं ते तोंडावर हात ठेवून गिळलं, तर त्याला ठसका लागला. बाई मातीतच खाली बसल्या.

"बाबा, ह्या वाळवीनं खायच्या होत्या. मी सांगितलं होतं तुम्हाला."

बाबांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं, तसा माझ्यावरचा त्यांचा हात सैल होत गेला. "मला वाटलं, थट्टा करतेस," ते म्हणाले. "खाऊन टाकायला कुणी लाकूड घडवतं का, पोरी?"

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वारुळाच्या भिंतीवर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे जाणार आता. ह्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं."

डब्यातलं जेवण त्या दिवशी लांबूनं खाल्लं. बाप-लेक घरी गेले ते एकमेकांच्या पुढे-मागे. मला बाबांनी खांद्याला लावून नेलं होतं. वाटेत त्यांनी दोनदा चष्मा पुसला. धूळ काही नव्हती.

सकाळी बाई उठून बघतात तो व्हरांड्यात फळ्यांचा ढीग. यंत्राचे भाग ज्यांतून येतात ती हलकी खोकी बाबांनी मळ्यातल्या तेलाच्या कारखान्याच्या आवारातून उजाडताच ओढून आणली होती. चेहरा उतरलेला, पण कानावर पेन्सिल तयार.

"किती दिवस आहेत म्हणालीस?"

"सतरा राहिले."

बाबांनी घसा साफ केला. चाळीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "वाळवीला... आवडतं काय?"

बाई त्यांच्याशेजारी भुशात बसल्या. "मऊ लाकूड. जुनं. खरबरीत, भेगा असलेलं. आणि ओलसर."

बाबांनी ते सगळं फळीवर लिहून घेतलं. मग करवत उचलली. मित्रांनो, चांगल्या सुताराला वाईट काम करताना तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलं. गाणाऱ्या माणसाला बेसूर गायला लावावं तसं होतं ते. एक खुंटी कापली की हात आपोआप रंध्याकडे जायचा. शेवटी बाई रंधा मांडीखाली घेऊन त्यावर बसल्या.

"दे गं जरा. नुसता एकच हात फिरवतो."

"नाही, बाबा."

"ही कड तरी मोडू दे. एखादीच्या तोंडाला लागेल."

"लागत नाही त्यांना."

"निदान डोकं तरी गोल..."

"बाबा!"

बाबांनी मान फिरवून, भिंतीकडे बघत साठ खुंट्या फाडल्या. शेवटची हातात धरून म्हणाले, "ही माझी म्हणून कुणाला सांगू नकोस." मग सगळ्या बादलीत भिजत घातल्या. आणि पुरायलाही स्वतःच आले. लांबूला हात लावू दिला नाही. माझ्या जुन्या खड्ड्यात त्यांनी एक वेडीवाकडी खुंटी बसवली, माती दाबली, आणि चाळीस वर्षांच्या शत्रूला पहिल्यांदा तोंड उघडून बोलले. "खा, बायांनो. पोटभर खा. माझं कपाट खाल्लंत, त्याचं मी काही म्हणत नाही. माझ्या पोरीसाठी एवढं खा."

टँकर आला. शेडसमोर उभा राहिला, इंजिन चालूच. साहेब हातरुमालानं मान पुसत आत आले. टेबलावर साठ खुंट्या तीन ओळींत मांडलेल्या. बाबा पटाशी घेऊन उभे. बाई म्हणाल्या, "फोडा, बाबा."

काळीतली पहिली खुंटी फुटली आणि आतून लोंढाच आला. दुसरी तशीच. वीसपैकी सोळा पोकळ, आणि सगळ्यांत एकच जात. रेताडातल्या तिघींत बारकी, फिकी मंडळी. आणि तांबडीतल्या अकरा खुंट्यांना वरून मातीचा लेप चढलेला, खाली लाकूड खरवडून नेलेलं. त्यांच्यावर मोठ्या तपकिरी डोक्याचे सैनिक फिरत होते. काळीतल्यांशी ना रंग जुळे, ना रूप.

साहेबांनी भिंग घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. "तरी पण," ते म्हणाले, आणि काळीतल्या एका सैनिकाला चिमटीत उचलायला गेले. तो कडकडून चावला आणि वर चिकाचा पांढरा थेंब सोडून मोकळा झाला. साहेबांनी हात झटकला तो नेमका तांबडीच्या ओळीत, तर तिथल्या सैनिकानं दुसरं बोट धरलं.

"दोघी चावल्या, साहेब," बाई म्हणाल्या, "पण चावण्यात फरक आहे."

साहेब बोट चोखत, डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणाले, "कळला फरक."

दारातून लांबू म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची राहिली म्हणायची!"

टँकर खालच्या काळीकडे वळला. तिथंही सरसकट नाही, आजारी माडांच्या बुंध्यांपुरतं औषध द्यायचं ठरलं. तांबडीतली वारुळं जागच्या जागी राहिली. बाबा टेबलावरचा भुगा गोळा करत होते. बाईंनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तर म्हणाले, "सरक, अंगाला भुसा लागेल."

मग वर्षं गेली. आम्हा पहिल्या साठांतल्या एकोणसाठ जणींचं बाबांनी परसात कुंपण केलं. ते अजून उभं आहे, आणि वाळवी त्याच्या बाजूनं वळसा घालून जाते. मला बाईंनी ठेवून घेतलं. पहिली काही वर्षं माझी चैन होती. शेड बघायला कुणीही आलं की मला हातात देऊन ही गोष्ट सांगायच्या. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून खाली बघत हसायचे. पुढे बाबा गेले. त्यानंतर बाई ती गोष्ट सांगेनाशा झाल्या, आणि मीही कपाटामागे पडले. कुणी माझ्यानं रंग ढवळला, कुणी सतरंजी झोडपली. एकदा तर पालीला हुसकायला नेलं. माझ्या डोक्यावरचा सतरा आकडा पुसला गेला. लांबू म्हातारा झाला, पाठीत वाकला, आता नाव तेवढं लांबू. त्यानंच मला धूळ झटकून बाहेर काढलं आणि ह्या खिडकीची झडप वर राहीना म्हणून तिच्याखाली उभी केली. तेव्हापासून इथून वारा येतो, उजेड येतो. बाई येता-जाता माझ्या अंगावरून अंगठा फिरवतात. वरून खाली, खालून वर. 

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वारूळ दिसलं की काठी खुपसायची घाई करू नका. आत कोण राहतं, ते काय खातं, हे आधी विचारा. सगळ्या पांढऱ्या, वळवळणाऱ्या गोष्टी एक नसतात. आणि घरातल्या एखाद्या माणसानं मायेपोटी तुमच्या कामाचा पार विचका केला, तर त्याला पुन्हा एकदा फळी आणून द्या. काही माणसांना माया तीन हात देऊनच करता येते.

माझी एकच इच्छा राहिली होती. खाल्लं जाण्याची. म्हणून सांगते, गेल्या वर्षी एका भर दुपारी मी इथून निघाले. पाय नाहीत म्हणता? टोक आहे ना. टोकावर उड्या मारत, व्हरांडा उतरून, माडांच्या रांगा ओलांडून तांबड्या मातीत गेले आणि माझ्या जुन्या खड्ड्यात उभी राहिले. तेल उडून गेलं होतं. मिशा आल्या. "आत्या, आलीस का गं?" म्हणाल्या. त्यांच्या पणत्यांच्या पणत्या होत्या त्या, पण ओळखलं मला! आणि मग त्यांनी मला खाल्लं. टोकापासून डोक्यापर्यंत. नुसत्या गुदगुल्या झाल्या. शेवटचा घास राणीला भरवला. माझा भुगा झाला, भुग्याची बाग झाली, बागेची माती झाली आणि माती माडानं पिऊन टाकली. शपथेवर सांगते, नखाएवढीसुद्धा उरले नाही मी!

"मग ही खिडकी कुणी धरलीय?" पहिल्या बाकावरची दात पडलेली मुलगी म्हणाली.